कडता कापलेलं वजन

माझं वजन नेमकं किती भरतं, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. एरवी घरातल्या प्रत्येक वस्तूचं माप मला पाठ होतं. एका पायलीच्या पिठात किती भाकरी होतात, तेलाचा डबा कोणत्या आठवड्यात तळाला जातो, सासूबाईंच्या चहाला साखर किती आणि पाहुणा आला तर किती, हे मी न बघता सांगत असे. माणूस मात्र आमच्याकडे कोणी तोलत नसे. बाळंतपणात दवाखान्याच्या काट्यावर एकदा चढले होते, तेव्हा अठ्ठ्याऐंशी भरले होते. त्यानंतर मी वाढत गेले आणि ते सगळ्यांना दिसत होतं, म्हणून आकड्याची गरज कोणाला वाटली नाही.

मी सांगते आहे ते बहात्तरच्या दुष्काळानंतर तीनेक वर्षांचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आम्ही रिसोडला राहायचो. माझे यजमान एका अडत दुकानात हिशेब लिहायचे. घरात आम्ही दोघं, एक मुलगी आणि सासूबाई.

सासूबाईंना माझ्या अंगाचा अभिमान होता. त्यांनी लहानपणी दुसऱ्याच्या शेतात निंदण करून, मिळेल ते शिळं खाऊन दिवस काढले होते. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर मुलगा शिकला, पगारी झाला, आणि सून अशी भरलेली मिळाली. बाया काही बोलल्या तर त्या म्हणायच्या, "आमच्या घरी खायले हाये, म्हून सून अशी हाये. तुमच्या घरच्या पाहा, वाऱ्यानं उडून जातीन." दुष्काळात आम्हीही रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. गावातल्या सगळ्यांची हाडं वर आली, माझी आली नाहीत. तेव्हा मात्र अभिमान जरा अडचणीचा झाला. नळावर एकजण म्हणाली होती, "मुनीमबाईच्या घरी मिलोले बी तूप सुटते वाट्टे." इतरांच्या इतकंच खाऊन मी अशी का, ते मलाच कळत नव्हतं.

चौतिसाव्या वर्षी परिस्थिती अशी होती. मला आडवं झोपता येत नव्हतं. पाठ टेकली की छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून भिंतीला तक्क्या लावून बसूनच झोपायचे. चुलीपुढे बसले तर उठायला दोघं लागायची, म्हणून यजमानांनी बसायला विटांचा उंच ओटा करून दिला होता. पायाच्या बोटांपर्यंत हात पोचत नव्हता. पायाची नखं यजमान कापायचे, तेही दाराला कडी लावून, कारण नवऱ्यानं बायकोचे पाय धरलेले सासूबाईंना बघवले नसते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशीच दोनदा चक्कर आली म्हणून वाशीमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन स्वतःचा दवाखाना चालवत. उंच, सडपातळ, तुसडे. त्यांचा रोगी कधी वाद घालत नसे. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. काटा सरळ एकशेवीसपर्यंत गेला आणि तिथल्या खिळ्याला लागून थांबला. पुढे आकडेच नव्हते.

"उतरा," ते म्हणाले. मग छाती तपासली, बराच वेळ तपासली. "बाई, हृदय दमलंय. असंच राहिलं तर फार वर्षं काढणार नाही ते."

"किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"वर्षं."

ते माझ्याकडे जरा बघत राहिले. "दोन. फार तर तीन."

माझी धाकटी बहीण नागपूरला नर्स होती. तिला मी हे कळवलं. तिचं उत्तर आलं की तिच्या दवाखान्यात विलायतेहून शिकून आलेले एक सर्जन आहेत, त्यांनी दोन माणसांच्या आतड्याचं ऑपरेशन केलं. लहान आतड्याचा मोठा भाग बाजूला टाकून वरचं टोक खालच्या टोकाला जोडतात. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, वजन उतरतं. पण त्या सर्जनची एक अट होती. रोगी जिथला असेल तिथल्या डॉक्टरनं नंतरची जबाबदारी घेतली पाहिजे. नुसती चिठ्ठी चालणार नव्हती. महिनोन्‌महिने रक्त तपासून पाहायचं, क्षार कमी झाले तर भरायचे, बिघडलं तर ताबडतोब पाठवायचं, हे सगळं कबूल करणारा डॉक्टर हवा होता. तो नसेल तर ते पोटाला हात लावत नसत.

म्हणजे माझं सगळं वाशीमच्या डॉक्टरांवर आलं. दुसरा इतका शिकलेला डॉक्टर आम्हाला जवळपास माहीत नव्हता.

आम्ही पुन्हा गेलो. यजमानांनी बहिणीचं म्हणणं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"असं ऑपरेशन मी वाचलंय. पाहिलेलं नाही. धडधाकट आतडं कापायचं, हेच मला पटत नाही. नंतर जुलाब लागतात, महिनेच्या महिने. अंगातले क्षार निघून जातात. माणूस सकाळी चालतंबोलतं असतं आणि संध्याकाळी हृदय थांबतं. ते रक्त तपासायची सोय वाशीमला नाही. अकोल्याला आहे. मी इथं बसून काय सांभाळणार?"

"पन मंग असं बी हृदय थांबनारच हाये नं, साहेब?" यजमान म्हणाले.

"मुनीमजी, बोलणं सोपं आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही आधी पथ्य करून दाखवा. चार महिने. पाच किलो उतरवा. जो माणूस चार महिने तोंड आवरू शकत नाही, तो ऑपरेशननंतर काय सांभाळेल? पाच किलो उतरले तर मी विचार करीन. दर महिन्याला वजनाची चिठ्ठी पाठवा."

"पन तुमचा काटा तर पुरत नाई," मी म्हणाले.

"तुमच्या दुकानात धान्याचा असेल की. त्यावर करा. लाजू नका."

अडत दुकान रविवारी बंद असायचं, म्हणून रविवारी गेलो. आवारात कोणी नव्हतं. दुकानचा मापारी तेवढा बोलावला होता. सगळे त्याला चाचा म्हणत. सत्तरीला आलेला मुसलमान माणूस, डोक्यावर जाळीची टोपी, दोन्ही खांदे पोत्यांनी घासून गुळगुळीत झालेले. माल काट्यावर आला की आकडा चाचानं मोठ्यानं बोलायचा आणि यजमानांनी तो लिहायचा. इतकी वर्षं दोघांचं हेच काम होतं.

"या, भाभी, चढा," चाचा म्हणाला. "डरू नका. हा काटा बैल तोलते."

"मी बैल हाये काय?"

"अल्ला माफ करे. मी काट्याची तारीफ करून राह्यलो, तुमची नाई."

मी लोखंडी पाटावर चढले. चाचानं वजनं सरकवली. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, अशी तिकडे रीत होती, म्हणून सवयीनं तो आधी "लाभ" म्हणाला आणि मग दांडी स्थिर होईपर्यंत गप्प राहिला.

"एकशे अठ्ठावीस."

यजमानांनी चिठ्ठीवर लिहिलं. मी पाटावरून उतरले. आपण क्विंटलाच्या वर आहोत हे माहीत होतं, तरी मोठ्यानं बोललेला आकडा ऐकून कानशिलं गरम झाली.

मग चार महिने पथ्य. दिवसाला दोन भाकरी. भाकरी लहानमोठी होऊ नये म्हणून मी पीठ तराजूत तोलून घ्यायचे. तूप, गूळ, साखर बंद. भात बंद. तेल फोडणीपुरतं, तेही सगळ्यांच्या भाजीतून आधी माझी काढून घेऊन वर फोडणी द्यायची, म्हणजे माझ्या ताटात ते येतच नसे. शेंगदाणे बंद. आमच्या वऱ्हाडी स्वयंपाकात शेंगदाणे काढले तर उरतं तिखट आणि पाणी. अंबाडीची भाजी नुसती उकडून खाताना तोंड वाकडं व्हायचं.

सासूबाईंनी पहिला आठवडा सहन केला. नंतर एका सकाळी त्यांनी माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली.

"उचला ते," मी म्हणाले.

"कायले उचलू? लोकं दान्यादान्याले मोताद झाले होते, अन् तू भरल्या घरात उपाशी राहून राह्यली? दिसते कसं ते?"

"डाक्टरनं सांगतलं हाये."

"डाक्टर पाह्यला मी. त्याच्याच अंगावर मास नाई, तो काय सांगंन!"

भाकरी मी त्यांच्या ताटात परत ठेवली. त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गुपचूप कुस्करून ताकात खाल्ली आणि त्यानंतर माझ्या ताटाला हात लावला नाही. पण मला वाढताना त्या तोंड फिरवायच्या.

दुसऱ्या वजनाला चाचा म्हणाला, "एकशे सव्वीस." तिसऱ्याला "एकशे पंचवीस." चौथ्याला पुन्हा "एकशे पंचवीस." चिठ्ठ्या वाशीमला गेल्या. पाच उतरवायचे होते, तीन उतरले. मी तरी समाधानी होते, कारण तीन म्हणजे काही शून्य नव्हे, आणि माझ्याकडून फारसं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांना हेच सांगायचं असं ठरवून आम्ही गेलो. एसटीत कंडक्टर नेहमीप्रमाणे म्हणाला, "बाई, मांगची लांब सीट धरा, नाईतर गाडी एका अंगानं चालन." मागं बसलो.

डॉक्टर म्हणाले, "दुकानातल्या चिठ्ठ्या पाहिल्या. आता माझ्या माणसासमोर वजन होऊ द्या." वाशीमच्या स्टेशनवर पार्सल तोलायचा मोठा काटा होता. कंपाउंडर आम्हाला तिथं घेऊन गेला. हिंगोलीकडची गाडी यायची होती, फलाटावर गर्दी होती. काट्यावर कोणाची तरी संत्र्यांची पेटी होती, ती खाली उतरवायला लावली.

पार्सलबाबूनं माझ्याकडं पाहिलं. "कुठं बुक करायचं?"

"बुक नाही करायचं, तोलायचंय," कंपाउंडर म्हणाला.

"मंग ठीक हाये. गार्डानं नसतं चढवलं."

लोक हसले. काटा घड्याळासारखा तबकडीचा होता, सगळ्यांना दिसणारा. सुई हलली आणि थांबली. एकशे एकोणतीस. कंपाउंडरनं दोनदा पाहिलं. मला उतरवून पुन्हा चढवलं. पुन्हा एकशे एकोणतीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी चार चिठ्ठ्या आणि कंपाउंडरचा आकडा शेजारी शेजारी ठेवला.

"सुरुवातीला एकशे अठ्ठावीस. आज एकशे एकोणतीस. म्हणजे चार महिन्यांत एक किलो वाढ. मधल्या चिठ्ठ्या कुठून आल्या?"

"काट्यावरून," यजमान म्हणाले.

"दुकान तुमचं, मापारी तुमचा, लिहिणारे तुम्ही. बाई चोरून खातात आणि तुम्ही चिठ्ठ्या लिहिता. मुनीमजी, मी अशा माणसाला नागपूरला पाठवून उद्या तिच्या मरणाला जबाबदार होणार नाही. या आता."

उत्तर द्यायला माझ्याकडे आकडा नव्हता. आमचे आकडे कागदावर होते आणि त्यांचा आकडा गर्दीनं पाहिलेला होता.

 परतीच्या गाडीत मी विचारलं, "तुमी चाचाले काही सांगतलं होतं का?"

"काय सांगन?"

"मनाले बरं वाटावं म्हून कमी बोल म्हून."

यजमानांनी खिडकीकडे तोंड केलं. "अवं, मी बारा वर्षं दुसऱ्याचा माल लिहून राह्यलो. एक किलो इकडचा तिकडं केला नाई. तुयाच वजनात करीन काय?"

मला स्वतःची लाज वाटली. पण कोणीतरी खोटं होतं, हे उरलंच. चार किलो चढावं इतकं मी खाल्लेलं नव्हतं, यजमानांनी लिहिलेलं नव्हतं. मग एक काटा तरी खोटा होता. मी म्हणाले, "उद्याच्याले दुकानात मले पुन्हा तोला."

सकाळी बाजार भरायच्या आधी गेलो. चाचानं काट्यावर फडकं मारलं. "लाभ," म्हणाला. मग, "एकशे पंचवीस."

काल एकशे एकोणतीस, आज एकशे पंचवीस. एका दिवसात चार किलो जात नाहीत. यजमानांनी दुकानातली शिक्क्याची वजनं आणली, वीस-वीस किलोची, आणि एकावर एक पाटावर रचली. काटा बरोबर होता. अगदी बरोबर. मग मी म्हणाले, "चाचा, वजन करताना तुमी काय करता ते मले मोठ्यानं सांगा."

"त्यात काय सांगाचं? दांडी पाहाची, आकडा बोलाचा."

"दांडीवर किती होते आता?"

"एकशे एकोणतीस."

यजमान आणि मी दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"मंग पंचवीस कायले बोलले?" यजमान ओरडले.

"मुनीमजी, कडता नाई कापाचा काय? क्विंटलमांगं दोन, म्हंजे अडीच झाले. अन् बारदान दीड. भाभीचं लुगडं, चपला, बांगड्या, हे बारदानच नं? चार गेले. राह्यले एकशे पंचवीस."

बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, आणि कडता म्हणजे आमच्या बाजारातली कापणी. धान्यात माती असते, ओल असते, असं म्हणून प्रत्येक क्विंटलामागे मापारी काही किलो कापून बोलायचा. शेतकऱ्यानं आणलं ते पूर्ण वजन बाजारात कधी बोललं जायचंच नाही. चाचा गेली चाळीस वर्षं काट्यावरचा आकडा डोळ्यांनी बघत होता आणि तोंडानं दुसरा बोलत होता. यजमान तो बोललेला लिहीत होते. दोघांनाही यात आपण मुद्दाम काही करतोय असं वाटत नव्हतं. श्वास घेतल्यासारखं ते होत होतं.

"चाचा, मी माणूस हाये!" मी म्हणाले. "माह्यात माती हाये काय? वल हाये काय?"

"मातीचेच तर हाओत आपन सारे, भाभी."

"माह्या बाची तूर माहेरून, धनजहून, आली का कडता कापता. आता त्याच्या लेकीचा बी कापला?"

चाचानं दोन्ही कान पकडले. "तौबा. खता झाली. पन खरं सांगू? पूर्न वजन तोंडातून निंघतच नाई. चाळीस साल झाले." आणि मग यजमानांकडे वळून म्हणाला, "अन् तुमी मुनीम हाओत का कोन? तुमाले समजू नये?"

 नंतर घरी येताना यजमान म्हणाले, "मले वाटलं, मानसाले कायचा कडता."

म्हणजे खरा हिशेब असा होता. सुरुवातीला एकशे बत्तीस. मग एकशे तीस, एकशे एकोणतीस, एकशे एकोणतीस. स्टेशनचा काटा खरा, दुकानचाही खरा. उतरले तीनच.

यजमान म्हणाले, "आता जाऊन काही फायदा हाये काय? त्यानं पाच सांगतले होते. तीन झाले. म्हनन, नापास."

"म्हनू द्या."

"अन् तीन उतरले म्हून आयकलं त म्हनन, पथ्यानं उतरून राह्यलं, ऑपरेशन कायले पाह्यजे? दोन्हीकडून त्याचंच खरं."

हे बरोबर होतं. मीही तेच मनात घोळवत होते. चार किलोची चूक कळल्यानं माझं कामच जास्त अवघड झालं होतं. पण एका डॉक्टरनं मला चोरून खाणारी म्हटलं होतं आणि माझ्या नवऱ्याला खोटी चिठ्ठी लिहिणारा म्हटलं होतं. ऑपरेशन होवो न होवो, ते तसंच ठेवायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात वाशीमला गेलो. चाचाला बरोबर नेलं नाही. यजमान म्हणाले, त्यानं तिथं काही बोलून आणखी घोळ केला असता. डॉक्टरांनी आम्हाला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. कडता कसा कापतात, चाचा काय बोलला, बारदान कशाला धरलं. डॉक्टर जन्मानं शहरातले होते. त्यांना कडता माहीत नव्हता. त्यांनी यजमानांना तीन वेळा विचारलं आणि तिसऱ्यांदा कळल्यावर ते खुर्चीत मागे टेकले.

"लुगड्याचं बारदान!" ते म्हणाले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांनी ते हसणं लगेच आवरलंही. "मी तुम्हाला जे बोललो ते मागं घेतो. दोघांनाही. पण बाई, मी पाच म्हटलं होतं."

"तीनच झाले."

"आणि पथ्यानं उतरतंय हे तर दिसलं. मग चालू ठेवा. ऑपरेशनची घाई कशाला?"

मी विटांच्या ओट्यावर बसून बसून हाच हिशेब केला होता. "साहेब, हे तीन किलो चारही महिन्यात सारखे नाई उतरले. दोन पहिल्या महिन्यात उतरले. एक दुसऱ्या. शेवटच्या दोन महिन्यात काहीच नाई. पीठ तेवढंच होतं, मी तोलून घेतलं. म्हंजे आता थांबलं. अन् तुमी माह्या हृदयाचे दोन वर्षं सांगतले. त्यातले काही महिने गेले."

"पीठ तेवढंच. आणि बाकी? खरं सांगा, काही खाल्लं नाही?"

"खाल्लं."

यजमानांनी माझ्याकडे चमकून पाहिलं.

"जयंतीच्या दिवशी दोन पुरनपोळ्या, तुपाच्या. बुद्धपौर्णिमेले खीर, एक वाटी. नणंद आली होती तवा शेंगदाने मूठभर. अन् एक डाव गुळाचा खडा, कोनी नव्हतं घरात तवा. तो तेवढा चोरून."

"हे तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"तुमीच. आत्ता."

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले. बाहेर बाकावर रोगी बसले होते, त्यांच्याकडे बघत ते उभे राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "मला भीती ऑपरेशनची नाही. ते नागपूरला करतील. मला भीती नंतरची आहे. जुलाब दहा झाले तर रोगी दोन सांगतो. हातपाय गळाले तर सांगत नाही, डॉक्टर रागावेल म्हणून. आणि मी इथं, हातात रक्ताचा आकडा नाही, बाई काय सांगते त्यावर औषध देणार. कोणी मला चुकीचं सांगितलं तर ती मरेल आणि मला कळणारही नाही का मेली."

"मी बराबर सांगीन," मी म्हणाले. "दहाचे दहा सांगीन."

"तेही सांगाल, आणि गुळाचा खडाही." ते वळले. "अकोल्याला दर पंधरवड्याला रक्त पाठवावं लागेल. सहा महिने तरी. त्यात खंड पडून चालणार नाही. मरण येऊ शकतं, हे मी तुम्हाला आत्ता सांगतोय, नंतर नाही. यजमानांसमोर सांगतोय."

"आयकलं," यजमान म्हणाले.

"तुम्ही नाही, यांनी म्हणायचं."

"आयकलं," मी म्हणाले.

त्यांनी फोन उचलून नागपूरचा अर्जंट ट्रंककॉल नोंदवला. लागेपर्यंत ते बाहेरचे रोगी तपासत राहिले. खोकला, ताप, गळू, एका म्हाताऱ्याचा कान. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून होते आणि बाक माझ्याखाली कुरकुरत होतं. घंटी वाजली तेव्हा ते कानातलं काही काढत होते. म्हाताऱ्याला तसंच बसवून फोनकडे गेले. तेव्हाच्या फोनवर ओरडावं लागायचं, त्यामुळे सगळ्या दवाखान्यानं ऐकलं. माझं वय, माझं वजन, हृदय, श्वास, पथ्याचा हिशेब. आतडं हा शब्द ऐकून बाकावरच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. डॉक्टर थांबले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ओरडले, "हो! नंतरचं माझ्याकडे! मी घेतो! वाशीमहून मी बघीन!"

ऑपरेशन दसऱ्यानंतर नागपूरला झालं. टाके पिकले, त्यामुळे ठरल्यापेक्षा बरेच जास्त दिवस राहावं लागलं. पहिलं वर्ष वाईट गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं झालं, एकही गोष्ट कमी झाली नाही. मी जुलाबांचा आकडा दर आठवड्याला कळवत होते आणि ते त्यावर क्षारांची पुडी वाढवत किंवा कमी करत होते. वजन पहिल्या वर्षात अठ्ठ्याण्णववर आलं, दुसऱ्यात चौऱ्याऐंशीवर, आणि तिथं थांबलं. पुढे मुतखड्यांचा त्रास झाला, अजून होतो. असं आतड्याचं ऑपरेशन पुढे मोठ्या डॉक्टरांनीच बंद केलं असं बहीण सांगते. आता दुसऱ्या रीतीनं करतात. मला कोणी विचारलं तर मी दोन्ही बाजू सांगते. माझ्यापुरतं एवढंच म्हणते की दोन वर्षं सांगितली होती आणि मी अजून आहे.

रक्त वाशीमहून अकोल्याला जायचं ते असं. मी आदल्या दिवशी वाशीमला जाऊन नणंदेकडे राहायचे. पहाटे कंपाउंडर रक्त काढायचा, शिशी थर्मासमध्ये बर्फात ठेवायचा आणि सकाळच्या छोट्या गाडीनं अकोल्याला घेऊन जायचा. एकदा हिवाळ्यात कंपाउंडर तापानं पडला. त्या वेळी माझे हातपाय आठवडाभर जड झाले होते, पेटके येत होते, आणि पंधरवड्याची तपासणी चुकवता येण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी स्वतः रक्त काढलं. दवाखान्याला कुलूप लावलं, बाहेर बसलेल्या रोग्यांना उद्या या म्हणाले, थर्मास काखेत धरला आणि स्टेशनवर गेले. यजमान म्हणाले, मी नेतो. ते म्हणाले, तुम्ही शिशी फोडाल.

संध्याकाळी डॉक्टर परत आले तेव्हा मी नणंदेच्या ओसरीवर बसले होते. दारातूनच म्हणाले, "पोटॅशियम कमी आहे. आज रात्रीपासून तीन पुड्या. आणि गाडीत बसायला जागा नव्हती, अकोल्यापर्यंत उभा गेलो." नणंदेनं पाणी आणून दिलं. त्यांनी ते उभ्यानंच प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि दवाखाना उघडायला गेले.